आईच्या कोटाची बटणं

२ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार मागाहून, आधी भांडण.

तुझं पत्र आलं तेव्हापासून आईने ते स्वतः दोनदा वाचलं आणि नंतर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्यात माझ्यासाठी दीड ओळ होती. बाकी सगळी मान. मान दुखते, कळ खांद्यातून अंगठ्यापर्यंत जाते, रात्री कूस बदलता येत नाही, आणि आता डॉक्टर मानेच्या मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देणार. आईने पत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि मला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. तिचं पथ्य, तिच्या गोळ्या, खुर्चीत पाठीशी कुठली उशी हवी त्याचा तिचा हट्ट, सगळं मी बघते. मागच्या वर्षी माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. तेव्हा ती काय म्हणाली माहीत आहे? ‘शिवणाचं मशीन जरा कमी चालव.’ बस. तुझी मान दुखली तर बॅग. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

आणि इंजेक्शन म्हणजे काही ऑपरेशन नव्हे. आमच्या गल्लीतल्या केशकर्तनवाल्याने अगदी हेच घेतलं. तोही दिवसभर लोकांच्या डोक्यांवर वाकलेला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला आणि आता गिऱ्हाइकाला मान वळवून दाखवतो. तेव्हा उगाच बाऊ करू नकोस.

फोनवर बोलले असते, पण नियम म्हणजे नियम. फोन आईसाठी, भांडण पत्रात. मागे आपण फोनवर भांडलो तेव्हा आईचं ब्लडप्रेशर चढलं आणि आमच्या ह्यांनी दोन दिवस फोनची वायर काढून ठेवली होती.

यंदा आईचा कोट नवा करायचा आहे, तो तरी लक्षात आहे ना? पेपर कटिंग, तुझा तो मापाने कापलेला कागद, अजून आलेला नाही. तू बेतायचं, मी शिवायचं, ही बाबांनी त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात केलेली वाटणी. कात्री तुला, मशीन मला. त्या वाटणीवर मी आजही खूश नाही, पण थंडी तोंडावर आली आहे, तेव्हा कागद वेळेवर पाठव.

तुझी नाइलाजाने धाकटी,
भिंगरी


९ ऑक्टोबर

भिंगरे,

मी आईला बोलावलेलं नाही. मी फक्त लिहिलं. लिहिणं आणि बोलावणं यातला फरक आईला कळत नाही आणि तुला कळून घ्यायचा नाही.

नाट्यगृहाच्या तळघरातलं माझं टेबल तू पाहिलेलं नाहीस. ते कोणा बुटक्या माणसासाठी केलेलं असावं. त्यावर कापड पसरायचं, वाकायचं आणि कात्री शेवटपर्यंत न उचलता न्यायची. सगळं आयुष्य असं खाली बघण्यात गेलं. आता मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली आहे. मला त्या केशकर्तनवाल्याची गोष्ट नको सांगूस. त्याला निदान समोर आरसा असतो.

डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत सुई आत घालतात म्हणे. आधी त्यांनी एक कागद वाचून दाखवला. सुईच्या जागी जंतू शिरून आत पू होऊ शकतो. रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. एखाद्याला अर्धांगवायूही होतो. ‘हे फार म्हणजे फारच क्वचित होतं,’ ते म्हणाले, ‘बहुतेकांना काही होत नाही. पण ताप आला, मान नव्या तऱ्हेने दुखायला लागली, हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं.’ मी हो म्हटलं आणि सही केली. मला थांबून चालणार नाही. नव्या नाटकात तीन राजे आहेत आणि तिघांचे झगे पायघोळ आहेत. शिवाय कानामागून आली आणि तिखट झाली अशी एक नवी कटर आमच्याकडे आली आहे. मी मान चोळायला लागले की ती माझ्या टेबलाकडे बघते.

आईचं म्हणशील तर ऐक. मी घरी येते तेव्हा कुलूप मीच उघडते आणि दिवाही मीच लावते. ‘आलीस का?’ असं विचारायला आत कोणी नसतं. तुला तो प्रश्न रोज फुकट मिळतो आणि मशीनच्या आवाजात तुला तो ऐकूसुद्धा येत नाही. या गोष्टीचा मला किती वर्षं राग येतोय ते मी तुला आजवर लिहिलं नव्हतं. आठ दिवस मला आई मिळाली तर तुझं काय जातंय?

कोटाचा कागद मान सुटली की करते.

ताई


२२ ऑक्टोबर

ताई,

आई गेली आणि घर भकास झालं. तिच्या खुर्चीत आता आमचे हे बसतात आणि पेपर वाचतात. त्यांना तिथे बघून मला चिडायला होतं, ती त्यांचीच खुर्ची असूनसुद्धा.

आईचा फोन आला की मी विचारते, बरी आहेस का. त्यावर उत्तर तुझ्याबद्दलच येतं. ताईची खोली किती नीटनेटकी. ताईच्या खिडकीतून नदी दिसते. ताईने मला नाट्यगृहात नेलं, रंगमंचावर उभं केलं, दिवेवाल्याने माझ्यावर प्रकाश टाकला. इथे मी इतकी वर्षं तिचं बिनमिठाचं जेवण वेगळं शिजवते, त्याची बातमी तिने कधी तुला फोनवरून दिल्याचं मला आठवत नाही. दुरून डोंगर साजरे, म्हणून मी गप्प बसते. पण आतून माझा नुसता जळफळाट होतो, हे आज स्पष्ट लिहिते.

इंजेक्शन तर तुला फारच मानवलं म्हणे. गाल लाल झाले, झोप उडाली, पहाटे उठून सगळी कपाटं आवरलीस, काम करताना गाणं गुणगुणत होतीस. आईला वाटलं तुझ्या आयुष्यात कोणी आलंय की काय. तिने मला ते कुजबुजत सांगितलं. मी म्हटलं, औषधाचा अंमल असेल, आमच्या केशकर्तनवाल्यालाही दोन दिवस असंच झालं होतं. मला हसूही आलं. तुला प्रियकर मिळाला असता तर आईला तिथेच ठेवून घ्यायला तुला आणखी एक निमित्त झालं असतं.

पण परवा ती म्हणाली, ‘तिला थोडं अशक्त वाटतंय, आणखी राहते मी.’ अशक्त? कपाटं आवरणारी बाई अशक्त? ताई, इतकी वर्षं नाट्यगृहात काढलीस, तूही नाटकं शिकलीस असं दिसतं. मान बरी झाली ना? दुखत नाही ना? मग आता आईला सोड. शनिवारच्या बसमध्ये बसवून दे. कोटाचा कागद तिच्याबरोबरच पाठव, म्हणजे पोस्टाची वाट बघायला नको.

भिंगरी


३१ ऑक्टोबर

भिंगरे,

हे पत्र आणि कोटाचा कागद, दोन्ही आईच्या बॅगेत आहे. बसमध्ये तिला खिडकी मिळाली आहे. उतरताना तिला हात दे, पायरी उंच असते.

पहिले काही दिवस खरोखर मजेचे गेले. कळ अशी गेली की मला तिची आठवणसुद्धा येईना. दोन राजांचे झगे मी त्याच भरात बेतायला घेतले. नवी कटर नुसती बघत राहिली आणि मला मनापासून बरं वाटलं. आता तो भर ओसरला. थोडी कणकण आहे, तळघरात गारठा फार. मान आता निराळ्या जागी दुखते, पण इंजेक्शन उतरताना तसं होत असेल असं मीच ठरवून टाकलंय. अक्षराकडे बघू नकोस. पेन गळतंय.

आई राहते म्हणत होती. मीच नको म्हटलं. दोन कारणं होती. एक म्हणजे तुला नाटक बघायचं नव्हतं, म्हणून पडदा पाडला. दुसरं लिहावं की नको असं झालंय, पण लिहितेच. इतके दिवस आई माझ्या समोर बसून तुझंच बोलत होती. भिंगरी चादर अशी झटकते. भिंगरी दाराशी आली की तिच्या किल्ल्या वाजतात. भिंगरीचं मशीन बंद झालं की मला झोप लागत नाही. एकदा मी विचारलं, ‘घरी जायचंय का?’ तर ती बॅगेची चेन ओढून बघायला लागली. जिचं मन तुझ्याकडे, तिला मी अंगात कणकण आहे एवढ्यावर अडवून ठेवायची का? मला ते लाजिरवाणं वाटलं. जिंकलीस तू.

कागद घाईत कापलाय. सांभाळून घे.

ताई


२ नोव्हेंबर

ताई,

सांभाळून घेऊ? हे सांभाळून घ्यायच्या पलीकडचं आहे.

मी कागद टेबलावर अंथरला आणि डोकंच फिरलं. कॉलरच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. बाहीचा उजवा मुंढा डाव्यापेक्षा बोटभर खोल. खाचा जिथे हव्यात तिथे नाहीत आणि जिथे नकोत तिथे दोन-दोन. कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या. बाबांनी तुला कात्री का दिली ते मला पाठ आहे. ‘हिची कात्री कागदावर धावते, तुझी चावते,’ असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. मी तेव्हा पडद्यामागे काजं करत बसले होते. आज तुझी कात्री चावली आहे, आणि ती कुठे, तर आईच्या कोटावर.

राजांच्या झग्यांना सरळ रेघ, आणि आमच्या वाट्याला हे. मला कळतं यातलं. आई परत जाणार म्हणून तुला राग आला आणि तो तू कागदावर काढलास. तोंडाने म्हणायचं ‘जिंकलीस तू’, आणि हाताने हे करायचं. एवढंच होतं तर सरळ लिहायचं होतं की कोट नाही बेतत जा. मी आपला मेला वाकडातिकडा बेतला असता, पण मन लावून

ताई, मध्ये थांबले होते. आता पुढे लिहिते.

मी पुटपुटत लिहीत होते ते आईने ऐकलं. म्हणाली, ‘तिला बोलू नकोस. फार गोड वागली या वेळी. शेवटचे दोन-तीन दिवस तर शर्टाची बटणंही माझ्याकडून लावून घ्यायची. म्हणायची, आई, तू लाव, लहानपणीसारखं.’

खरं सांगते, आधी मला मत्सरच वाटला. माझी बटणं तिने कधी लावली ते मला आठवेना, आणि मी तेच आठवत बसले. मग कागदाकडे नजर गेली. त्या कुरतडलेल्या कडा मी पुन्हा बघितल्या. कात्री एकाच बाजूने सारखी उचलली गेली आहे. जागोजागी कागद दाबून धरल्याच्या चुण्या आहेत, पण त्या डाव्या हाताला नाहीत, उजव्या हाताला आहेत. तू हे डाव्या हाताने कापलंस. तू, जी पडशात पडलेली असतानासुद्धा उजव्या हाताने डोळे मिटून कॉलर कापायचीस.

आईला विचारलं, आणखी काय? ती आठवून आठवून सांगायला लागली. कप दोनदा पडला. जिना उतरताना कठडा धरत होती. अंग गरम होतं, पण ‘तळघराचा गारठा’ म्हणत होती. आणि तुझं ९ तारखेचं पत्र मी बाहेर काढलं. ताप, निराळं दुखणं, शक्ती जाणं, तीनही तू तुझ्या हाताने लिहिली आहेस. पेन गळत नव्हतं, ताई.

तुझा फोन कोणी उचलत नाही. नाट्यगृहात लावला. दारवान म्हणाला, बाई काल आल्या नाहीत, आजही नाहीत. मी त्याला सांगितलंय, दिवेवाल्याला घेऊन जा, दार वाजवा, उघडलं नाही तर तोडा. हॉस्पिटलात न्या आणि पहिलं वाक्य सांगा की मानेत इंजेक्शन झालंय. आणि ती ‘मी ठीक आहे’ म्हणाली तर तिचं ऐकू नका, ती खोटं बोलते.

मी आणि आई निघतोय. हे पत्र पोस्टात टाकत नाही, घेऊन येते.


२८ नोव्हेंबर

भिंगरे,

तू गेलीस त्या दिवसापासून हे पत्र लिहितेय. रोज चार ओळी होतात. अक्षर मोठं आहे, कारण बारीक काढता येत नाही. फिजिओथेरपीवाली बाई म्हणते, लिहा. मी म्हटलं, लिहायला धाकटी बहीण आहे, विषयांची ददात नाही.

तुझं ते अर्धवट पत्र माझ्या उशाशी आहे. पहिलं पान फाडून टाक म्हणाली होतीस. मी फाडलेलं नाही. ते पान तू लिहायला घेतलं नसतंस तर आई बोलली नसती. आणि खरं म्हणजे तू त्यात जे लिहिलंस त्यातलं एक बरोबर आहे. राग आलाच होता मला. मी उजव्या हाताने कापत होते तेव्हाही रागातच कापत होते. मग बोटं ऐकेनात, तेव्हा कात्री डाव्या हातात घेतली आणि मनाशी म्हटलं, हे बघून तिला काय वाटायचं ते वाटू दे. नाटक म्हणालीस ना, मग घे. डॉक्टरांचा कागद मला तोंडपाठ होता, आणि तुझा तो एक शब्द त्याच्या वर येऊन बसला. माझंच चुकलं. तू नुसतं बोललीस. घरी थांबले ते मी.

डॉक्टर काल पुन्हा आले होते, या वेळी घरी. तेच, इंजेक्शन देणारे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, त्यांच्या हातून दिलेल्या इतक्या इंजेक्शनांत हे पहिलंच. मणक्याच्या आत पू साठला, त्याने मज्जारज्जू दाबला. पहिल्या कणकणीला मी आले असते तर हात बहुधा पूर्ण वाचला असता, दारवान आणखी एक दिवस उशिरा आला असता तर पायही गेले असते. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांना म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

आता हाताचं. अंगठा आणि पहिलं बोट भेटतात, पण त्यांच्यात जोर नाही. चमचा धरता येतो, कात्री धरता येत नाही. आणखी सुधारेल, पण पहिल्यासारखा होईल असं कोणी म्हणत नाही. हे वाक्य लिहायला मला अख्खा दिवस लागला.

आणि आता जे तुला लिहायचंच आहे ते. तू हॉस्पिटलच्या फेऱ्या करता करता माझ्या टेबलावर तिसऱ्या राजाचा झगा बेतलास. व्यवस्थापक मला भेटायला आले आणि वीस वेळा म्हणाले, ‘तुमच्या बहिणीचा हात म्हणजे काय!’ नवी कटरसुद्धा म्हणाली. तिच्याबद्दल मला काही वाटलं नाही, ती परकी आहे. पण तू माझ्या टेबलाशी उभी राहून बाबांची कात्री चालवलीस, ती चावली नाही, आणि मी खाटेवर पडून हे ऐकत होते. भिंगरे, इतका मत्सर मला आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही. मानेतल्या कळेपेक्षा ते वाईट होतं. तू माझा जीव वाचवलास आणि मी तुझ्या हाताकडे बघत होते.

कात्रीला तेल लावून परत जागेवर ठेवलीस, ते पाहिलं. तुला वाटेल आता ताई म्हणेल, घे ती. नाही म्हणणार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कात्री माझ्याकडेच राहील. मेल्यावर ने.

आईला हिवाळाभर माझ्याकडे ठेवून गेलीस. बसस्टॉपवर तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस, हे मला आईने सांगितलं. ती त्याबद्दल फार बोलते. मला ऐकून घ्यावं लागतं.

सोबत कोटाचा कागद आहे, नवा. मीच कापलाय, डाव्या हाताने, छोट्या कात्रीने, रोज थोडा थोडा. वाकडा आहे. पण या वेळी रागात कापलेला नाही.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

पार्सल जपून उघड. आत दोन कोट आहेत, दोन्ही आईच्या मापाचे.

एक तुझ्या कागदावरून शिवला. डावा खांदा वर चढतो आणि कॉलर कानाकडे झुकते. मी काहीही सरळ केलेलं नाही. करता आलं असतं, हात शिवशिवत होते. त्याला मोठी लाकडी बटणं लावली आहेत आणि काजं सैल ठेवली आहेत. फिजिओथेरपीवाली बाई जे चेंडू दाबायला देते त्यापेक्षा बटणं बरी, असं मला वाटलं. आईच्या अंगावर तुझ्या बोटांना ती लावता येतील.

दुसरा मी स्वतः बेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घरातली साधी कात्री घेऊन बेतला, कारण बाबांची तुझ्याकडे आहे आणि मेल्यावर मिळणार आहे. त्याची रेघ अशी आहे की तू बघितलीस की तुला ठसका लागेल. त्याला बाबांच्या डब्यातली ती बारीक चकचकीत बटणं लावली, अगदी जवळ जवळ, गळ्यापासून खालपर्यंत. नखरा आहे, कबूल. तू माझ्या हातावर जळलीस असं लिहिलंस ते वाचून मी तीन दिवस हवेत होते. मग लाज वाटली. मग पुन्हा हवेत गेले. बाबांनी तेव्हा कात्री मला दिली असती तर त्या तळघरात माझी मान गेली असती, हा विचार मनात आला तेव्हा मात्र मशीन बंद केलं आणि नुसती बसून राहिले. ते तुझ्या वाट्याला गेलं, ताई, आणि मी आयुष्यभर तुझ्या वाट्यावर डोळा ठेवून बसले.

इथे मशीन थांबलं की कोणी काही विचारत नाही. ‘आलीस का’ हे आमचे हे विचारतात, पण पेपरातून डोकं न काढता. तू म्हणाली होतीस ते मला आता कळलं. तरी शहाणी झाले असं समजू नकोस.

म्हणून एक काम सांगते, आणि खोटं बोलायचं नाही. आईला कोणता कोट कोणाचा ते सांगू नकोस. दोन्ही खुर्चीवर ठेव आणि तिला निवडू दे. कोणता घालते ते कळव. तुझा घातला तर मला वाईट वाटेल, माझा घातला तर तुला वाटेल. दोघींपैकी एकीची तरी खोड मोडेल.

भिंगरी


२३ डिसेंबर

भिंगरे,

तू म्हणालीस तसंच केलं. दोन्ही कोट खुर्चीवर ठेवले आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, नदी बघतेय असं दाखवत. आईने दोन्हींवरून हात फिरवला. लाकडी बटणांचा कोट उचलला, त्याच्या वाकड्या खांद्याला कुरवाळलं, गालाला लावला. न सांगताही तो माझा हे तिने ओळखलं. मला वाटलं, जिंकले. मग तिने तो घडी घालून कपाटात ठेवला आणि तुझा घातला.

तुला खरं कळवायचं वचन आहे म्हणून लिहिते, त्या दुपारी मी चहा माझ्यापुरताच केला. त्या दिवसापासून ती रोज तोच घालते. रेघ खरोखर सुंदर आहे. पाठीत कुठे सुरकुती नाही. ठसका लागला मला, तुझं ऐकलं असेल देवाने.

काल सकाळी तिची बटणं लावताना राहवेना म्हणून विचारलं. म्हटलं, ‘आई, दुसरा कोट सैल आहे, त्याची बटणं मोठी आहेत, पटकन लागतात. माझ्या हाताला तोच सोपा. रोज हाच का घालतेस? याची बटणं लावता लावता माझा जीव जातो.’

तुला लिहायचं राहिलं, तिची बटणं रोज सकाळी मी लावते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहते, हनुवटी वर करते आणि म्हणते, ‘लाव.’ पहिल्या दिवशी गळ्याचं एकच लागलं, बाकीची तिने लावली. आता निम्म्याच्या वर मी लावते. बटण सुटतं, पुन्हा धरायचं. ती घाई करत नाही. तेवढ्या वेळात ती तुझ्या किल्ल्यांचं सांगते, तुझ्या चादरी झटकण्याचं सांगते, तुझ्या गुडघ्याची तिला किती काळजी वाटते तेही सांगते. ते ती तुला सांगत नाही, मला सांगते, आणि मला ते ऐकावं लागतं.

माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘त्या कोटाची बटणं पटकन लागतात, म्हणून तर नाही घालत. याला वेळ लागतो. तेवढा वेळ तू माझ्याजवळ उभी असतेस, आणि कोट भिंगरीचा असतो. दोघी एकदम मला आणखी कुठे मिळता?’

मी खाली बघितलं आणि पुढचं बटण धरलं.

ताई